ज्यूदोच्या मास्तरांचा सत्कार

मुलांनो, तुमचे ज्यूदोच्या वर्गातले फोटो पाहून मला एक मास्तर आठवले. त्यांचं नाव लिहीत नाही, ते त्यांना आवडलं नसतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सभांच्या गर्दीतून एक संध्याकाळ काढून गिरगावातल्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला होता. जपानहून काळा पट्टा आणि पदकं मिळवलेले मास्तर अंगाने अगदीच किरकोळ होते. सतरंजीवर येण्यापूर्वी त्यांनी चपला भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या.

भाषणं चालू असतानाच लालबागचा एक तरणा पैलवान उठला. "मास्तर, पदकं राहू द्या, मला पाडून दाखवा!" त्याची अख्खी चाळ मागे बसली होती.

मास्तरांनी आधी नियम सांगितला. गळ्याला पकड बसली की हाताने दोनदा थोपटायचं, म्हणजे समोरचा लगेच सोडतो; जो थोपटतो तो हरला.

"थोपटतोय कोण!" पैलवान हसला.

क्षणात तो आडवा झाला आणि मास्तरांचा हात त्याच्या गळ्याभोवती बसला.

"थोपटू नको रे मेल्या, चाळीचं नाक कापलं जाईल!" मागून ओरडा झाला.

त्याचा चेहरा काळानिळा पडला, तरी हात हलेना. तेव्हा मास्तरांनीच त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि पकड सोडली. चाळीने पैलवानाला खांद्यावर घेतलं.

अध्यक्ष शाल धरून तसेच उभे राहिले. "मास्तर, हरलात?"

"त्याला आपल्या माणसांसमोर थोपटता येईना," मास्तर हळूच म्हणाले. "कुणीतरी थोपटायला हवंच होतं."

मी पहिल्या रांगेत होते, म्हणून मला ऐकू आलं. गिरगावात मात्र मास्तर हरल्याचीच बातमी पसरली, आणि त्यांनी ती कधी खोडून काढली नाही.