रिकाम्या खोलीचं माप

सोनटक्के सरांनी आपली लॅब स्वतःच्या सहीनं बंद पाडली.

आज सकाळी चंदीगडला, सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमध्ये सर वारले. दिवसभर काही सुचत नाहीये, म्हणून लिहितेय.

मी परभणीची, ते लातूरकडचे. भेटलो थेट चंदीगडला, इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये. ते हेड, मी कोरी करकरीत इंजिनिअर.

राउटर, मोडेम, असलं काही देशात विकायचं तर आधी टेस्टिंग, मग सर्टिफिकेट. उपकरणातून नको ते सिग्नल मर्यादेबाहेर सांडत नाहीत ना, हे टेस्टिंग आमच्याकडे व्हायचं.

लॅबचा सगळा जीव एका खोलीत होता. बाहेरचा एकही सिग्नल आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी पत्रा, आतून फोम. दार तिजोरीसारखं जड आणि त्याच्या कडेनं तांब्याच्या पातळ पट्ट्या.

"दार लाव की नीट."

हे सरांकडून इतक्यांदा ऐकलंय की मी घरी फ्रिजचं दारसुद्धा दोनदा ढकलते.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे रिकाम्या खोलीचं माप. कुठलंही उपकरण आत ठेवायच्या आधी नुसत्या खोलीतल्या सिग्नलचं माप घ्यायचं. बाहेरचं काही आत शिरलेलं नाही ना, हे आधी बघायचं. मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा.

मग एक सीझन असा आला की गिऱ्हाईकांची रांग लागली. रोज फोन, रोज घाई.

सरच म्हणाले, सकाळी एकदा माप घेतलं तरी चालेल. मग सोमवारी एकदा. मग तेही राहिलं. नियम त्यांचा, आणि सैल सोडला तोही त्यांनीच.

नेमकी तेव्हाच वर सरकारात चर्चा सुरू झाली, परदेशी लॅबचे रिपोर्ट इथे चालवायचे का. तोवर बाहेर पास झालेला माल इथे पुन्हा तपासावा लागायचा. आमचं निम्मं काम तेच होतं.

ठरलं असं की एकच राउटर आधी एका परदेशी लॅबनं तपासायचा, मग आम्ही. रिझल्ट जुळले तर त्यांच्या मान्यतेचा रस्ता मोकळा.

त्यांनी राउटर पास केला. आमच्याकडे तो सपशेल फेल झाला.

ग्राफवर हा एवढा उंच सुळका, मर्यादेच्या कितीतरी वर. लॅबमध्ये काय आनंद झाला म्हणून सांगू. फॉरेनवाले ढिले निघाले. मालक सरदारजींनी सगळ्यांना लस्सी पाजली.

सरांनी लस्सी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाले, "राउटर बाहेर काढ. रिकाम्या खोलीचं माप घे."

घेतलं.

राउटर बाहेर टेबलावर, बंद करून ठेवलेला. आणि स्क्रीनवर तोच सुळका, त्याच जागी.

दाराच्या पट्ट्या खालच्या कोपऱ्यात झिजून वाकल्या होत्या. शेजारच्या इमारतीवरच्या मोबाईल टॉवरचा सिग्नल त्या फटीतून आत येत होता, आणि आम्ही तो राउटरच्या माथी मारत होतो.

सरदारजी माणूस वाईट नव्हता. पण तीस घरं चालत होती त्या लॅबवर. ते हळूच म्हणाले, "सोनटक्के जी, जो पहले आया वही भेज दो। ग़लत थोड़ी है, मशीन ने दिया है।"

सर म्हणाले, "सरदारजी, मशीन ने दरवाज़े का दिया है। डिब्बे का नहीं।"

आणि त्यांनी लिहून दिलं. परदेशी लॅब बरोबर, आम्ही चूक, कारण आमचं दार. खाली सही.

एवढ्यावर थांबतील तर ते सोनटक्के सर कसले. त्या सीझनमध्ये आम्ही ज्यांचा माल फेल केला होता, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून परत बोलावलं. नव्या पट्ट्या लावून पुन्हा टेस्टिंग केलं. लोक ऐकवायचे ते मुकाट ऐकून घ्यायचे.

त्या परदेशी लॅबला मान्यता मिळाली. आमच्याकडची रांग हळूहळू आटली. वर्ष सरलं तसं सरदारजींनी कुलूप लावलं. मला मोहालीत नोकरी मिळाली. त्या वयात सरांना कोण घेणार?

मध्यंतरी मनीमाजऱ्याला त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी आपल्याकडचा, मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. खाता खाता सर एकदम म्हणाले, "सही केली त्याचं काही नाही गं. त्या सीझनला रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं मी बंद केलं, तेच खायलंय मला. दार वेळेवर बघितलं असतं तर तीस जणांची चूल विझली नसती."

मी सुशीला छान झालाय म्हणाले.

सर, तसं नव्हतं. आता रोज परदेशी लॅबचे रिपोर्ट वाचणं हेच माझं काम आहे, म्हणून सांगते. दार ठणठणीत असतं तर दोघांचे रिझल्ट जुळले असते, आणि त्यांना मान्यता तेव्हाच मिळाली असती. आपली गिऱ्हाईकं तशीही गेली असती. लॅब तुमच्या दारामुळे बंद नाही पडली.

दोन वाक्यांचं तर होतं. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू करत राहिले. तुम्ही ते ओझं घेऊनच गेलात, याचं मला फार वाईट वाटतंय.

दुपारी सरांच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या पंजाबी बायका चहा घेऊन येत-जात होत्या. दार सताड उघडं.

मी सवयीनं ते लावायला गेले.

काकू म्हणाल्या, "राहू दे गं. आज कोण ओरडणार आहे?"

या सर. तुमच्या लॅबमधल्या सगळ्यांकडून शेवटचा नमस्कार.