पापणीची काडी

छापील जगात काकांचा उल्लेख एकदाच झाला, आणि तो मी केला. शोधपत्रिकेच्या मागच्या पानांवर एक दुरुस्तीपत्र आहे, त्यात: 'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे मालिकेतील दोन काप गहाळ झाले व त्याची नोंद राहिली नाही.' वाक्यातलं सगळं खरं आहे, एक शब्द सोडून. तो शब्द मी अकरा वर्षांपूर्वी रागाच्या भरात लिहिला आणि अजून तिथेच आहे.

काका आमच्या प्रयोगशाळेत काप काढायचे. पेशीच्या आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर पेशी आधी राळेत घट्ट बसवावी लागते, मग तिचे इतके पातळ काप काढावे लागतात की एका कागदाच्या जाडीत दीड हजार मावतील. सुरी हिऱ्याची. सुरीच्या मागे नखाएवढं पाण्याचं तळं, आणि सुटलेला प्रत्येक काप आधीच्या कापाला चिकटून त्या पाण्यावर पट्टीसारखा तरंगायचा. चंदेरी दिसला तर बरोबर, सोनेरी दिसला तर जाड. शेजारी कोणी शिंकलं की पट्टी गेलीच. म्हणून त्यांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'आत हसू नये.' आम्हाला ती पाटी वाचूनच हसू यायचं.

त्याआधी ते घड्याळं दुरुस्त करत. घड्याळं बंद पडायची थांबली म्हणून इकडे आलो, असं सांगायचे. कामाच्या बाबतीत मात्र नाकावर माशी बसू देत नसत. त्यांची एक जाड वही होती. तिच्यात प्रत्येक कापाचा क्रमांक, रंग, घडी पडली का, आणि शेवटचा रकाना 'कारण'. काप बिघडला तर का बिघडला ते तिथे लिहायचं. सव्वीस वर्षांत तो रकाना बहुतेक कोराच राहिला होता.

पट्टी पाण्यावर वळवायला सुई चालत नाही, बोट तर नाहीच. त्याला पापणीचा केस लागतो. हे माझ्या मनचं नाही, जगभर या कामातली माणसं काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवून काम करतात. बहुतेक जण स्वतःचाच उपटतात. काकांच्या काड्यांना काकूंच्या पापण्या होत्या. काकू स्वतः, नखांना लावायच्या लाल रंगाचा थेंब देऊन, त्या चिकटवून द्यायच्या. आम्ही विद्यार्थिनी आपापल्या पापण्या देऊ करायचो, तर काका एकेकीच्या डोळ्यांत निरखून बघत आणि मान हलवत. "तुमच्या सगळ्यांच्या वाकड्या. हिच्या सरळ आहेत." वर्षातून एकदा प्रयोगशाळेच्या जेवणाला काकू आल्या की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "माझ्या पापण्यांवर तुमचं विज्ञान चाललंय, आणि मला चहासुद्धा कोणी विचारत नाही!" काका खाली मान घालून हसत. दारावरची पाटी त्यांनी स्वतःसाठीच लावली असावी.

मी शोधत काय होते, तेही सांगते. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात आणि त्यांच्याभोवती पातळ पडद्यांचं एक जाळं पसरलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात दोघं वेगवेगळ्या रंगांत, अंतर राखून काढलेली असतात. प्रत्यक्षात ती जागोजागी एकमेकांना खेटून असतात. मिसळत नाहीत, पण इतकी जवळ येतात की देवाणघेवाण चालते, आणि त्यावर पेशी जगते. ही खेटण्याची जागा कशी धरून ठेवली जाते, कधी सुटते, एवढ्यावर आयुष्य काढणारी आमची एक लहानशी जमात आहे. वर्षातून एकदा कुठेतरी जमतो, तीन दिवस जवळिकीवर बोलतो आणि जेवताना वेगवेगळ्या टेबलांवर बसतो. जुनी मंडळी तर कित्येक वर्षं म्हणत होती की असं काही नसतंच, नमुना तयार करताना पेशी आकसते आणि भास होतो. काका ते ऐकून एवढंच म्हणायचे, "मी रोज बघतो. असतं."

आजारी मज्जापेशीत ही जोड सुटत जाते, असं सगळे मानत होते. मला एका पेशीत ती टिकलेली दिसली, उलट रुंदावलेली. पण एका कापावरून खेटणं सिद्ध होत नाही. वरून बघताना दोन माणसं शेजारी वाटतात आणि प्रत्यक्षात एक तळमजल्यावर असतो, एक दुसऱ्या मजल्यावर, तसं होऊ शकतं. त्यासाठी एकशे वीस सलग काप हवे होते, एकही न गाळता. नमुना एकच होता. माझी पदवी त्यावर होती, पुढची नोकरीही त्यावरच. जीव टांगणीला लागला होता.

काकू जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. कर्करोग होता. आजारपणात मी त्यांना भेटायला गेले होते, त्या गेल्यावर भिंतीशी बसून रडलेही होते. काका नऊ दिवसांची रजा काढून कामावर आले, तेव्हा मला मनातून हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मालिका झाली. वहीत एक ते एकशे वीस, ओळीने, सगळे चंदेरी, 'कारण' रकाना कोरा. चित्रं रचली आणि चौसष्ट-पासष्टच्या आसपास तंतुकणिका आणि जाळं असं काही खेटलेलं दिसलं की मी खुर्चीतून उठून नाचले. लेख छापून आला. आमच्या जमातीत माझं नाव झालं.

सहा महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांना तसं काही सापडत नव्हतं, मूळ चित्रं मिळतील का? मी दिमाखात पाठवली. चार दिवसांत उत्तर आलं, दोनच ओळींचं, अगदी सभ्य. चौसष्टाव्या चित्रात एक गोल पुटकुळी आहे, ती पासष्टाव्यात एकदम नाहीशी होते, मध्ये काही काप नाहीत का? मी चित्रं शेजारी शेजारी लावली. मधले दोन काप नव्हते. काकांनी पासष्ट म्हणून लिहिलेला खरं तर सदुसष्ट होता. जी जोड म्हणून मी मिरवत होते, तिच्या मध्ये दोन कापांचं अंतर होतं.

मी तशीच त्यांच्या खोलीत गेले, दार न वाजवता.

"काका, दोन काप कुठे गेले?"

त्यांनी डोळे यंत्रावरून काढले नाहीत. "गेले," म्हणाले.

"गेले म्हणजे? वहीत का नाही लिहिलं?"

"चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच, बाई. माझं चुकलं. तसं लिही."

तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं ज्या माणसाने एक काप हरवला तर दिवसभर तोंड पाडलं, तो दोन गिळून बसला होता, आणि मी विचारतेय तर धड सांगतही नव्हता. सर, म्हणजे आमचे प्रमुख, शांतपणे म्हणाले, दुरुस्ती द्यावी लागेल, मजकूर तू कर. मी केला. 'चुकीमुळे' असं लिहिलं होतं. ते खोडून 'निष्काळजीपणामुळे' केलं. सरांनी सही केली. काकांनी ते वाचलं की नाही, माहीत नाही. पुढच्या वर्षी ते मुदतीआधी निवृत्त झाले. निरोपाला मी मुद्दाम परगावी गेले.

मी बुडाले नाही. आता त्या प्रयोगशाळेची मीच प्रमुख आहे. यंदा आम्ही नव्या इमारतीत गेलो. जुनी खोली रिकामी करताना काप काढायच्या यंत्रामागचा खण अडकला होता, तो ओढून काढला. आत काचेची एक लहान नळी होती, बूच लावलेली. आत काडी, टोकाला लाल रंगाचा वाळलेला थेंब. नळीवर चिठ्ठी, काकांचं तिरकं अक्षर. काकू गेल्या त्या दिवसाची तारीख, आणि खाली दोन शब्द: 'वापरू नये.'

मी काडी तळहातावर ओतून घेतली. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, माणसं कपाटं ओढत होती, धूळ उडत होती. काडी परत नळीत सरकवून, तिथेच उभी राहून मी कपाटातून निघालेली काकांची जुनी वही उघडली. माझ्या मालिकेच्या आदल्या आठवड्यात एक नोंद होती, जी मी तेव्हा कधी वाचलीच नव्हती: 'जुन्या काड्या झिजून संपल्या. नवीन मागवलेली आली. प्राण्याचा केस. ताठ आहे.'

औषधांनी काकूंच्या पापण्या गळून गेल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं होतं. नवी काडी येणार कुठून? उरलेली शेवटची त्यांनी झिजू नये म्हणून ठेवून दिली, आणि माझे काप त्या परक्या केसाने वळवले. हा निष्काळजीपणा? मला त्या धुळीत उभं राहून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शोधपत्रिकेला लिहिलं. एवढा शब्द तरी काढा. उत्तर आलं की इतक्या जुन्या मजकुरात शास्त्रीय कारणाशिवाय बदल होत नाही. मग नळी पर्समध्ये टाकून मी काकांकडे गेले.

ते आता धाकट्या बहिणीकडे राहतात. दोन खोल्या, खिडकीशी खुर्ची. बहिणीने दार उघडून हळूच सांगितलं, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत, मोठ्याने बोलू नका, कान तिखट आहेत. काकांनी माझा आवाज लगेच ओळखला.

"कोण, डॉक्टरीणबाई? एवढ्या वर्षांनी वाट चुकलात?"

मी सगळं सांगितलं. तो शब्द मी घातला, रागाने घातला, आता तो निघत नाही. बोलता बोलता रडले.

"हवं तर राहू दे तो," ते म्हणाले. "ते दोन काप त्या ताठ केसाने फाटले आणि पाण्यात बुडाले. मला दिसलं. वहीत लिहायला गेलो. पण कारणाच्या रकान्यात काय लिहू? बायकोच्या पापण्या संपल्या म्हणून लिहू? कारण लिहायचं नव्हतं, म्हणून कापच लिहिले नाहीत. तुझं नुकसान झालं गं. ते मनात आहे."

मग विचारलं, "ती दोघं खेटतात का शेवटी? आजारी पेशीत?"

"सुटतात, काका. हळूहळू सुटतात. आता सगळ्यांनाच दिसलंय."

"हं," म्हणाले. "सुटतातच."

मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बूच चाचपलं, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला आणि काय आहे ते ओळखलं. नळी परत माझ्याकडे करून म्हणाले, "उजेडात बघ जरा. केस आहे ना टोकाला?"

मी खिडकीशी गेले. बूच काढून काडी डोळ्यांजवळ धरली. लाल थेंब होता. थेंबात बारीक खाच होती, जिथे केस असायला हवा होता. नळी उलटी करून तळहातावर आपटली, पर्सचा कप्पा झटकला. काही नव्हतं. ती धूळ, ते उघडे दरवाजे-खिडक्या, आणि काडी तळहातावर ओतणारी मी.

"आहे ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. हात पुढे आला होता.

"आहे, काका. टोकाला बोट लावू नका, तुम्हीच शिकवलंय."

हात मागे गेला. "बरोबर. बोट लावायचं नाही." मग थोड्या वेळाने, "सरळ आहे?"

"सरळ आहे," मी म्हणाले, आणि बूच लावून नळी त्यांच्या खिशात ठेवली.