पॅकेजमधल्या गाठी

आजार एकच असतो, पण त्याच्याभोवती किस्से जमत जातात. माझ्या बाबतीत तर आजारही नव्हता, त्यामुळे राहिले ते नुसते किस्सेच. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये आम्ही काही मराठी बायका शनिवारी सकाळी कालव्याच्या कडेने चालायला जातो. गेल्या वर्षभरात त्या चालण्यात माझ्या गाठी सोडून दुसरा विषय फारसा आला नाही. परवा आसावरी म्हणाली, "मुग्धा, तू हे सगळं एकदाचं लिहून टाक. म्हणजे आपल्याला परत सासवांवर बोलता येईल."

म्हणून हे लिहायला घेतलं.

* * *

इथली बरीच मराठी कुटुंबं डिसेंबरात भारतात गेली की तीन कामं उरकतात: दात, चष्मा आणि फुल बॉडी चेकअप. नेदरलँड्समध्ये तक्रार असल्याशिवाय डॉक्टर कशाला हात लावत नाहीत, त्यामुळे वर्षभराची तपासण्यांची हौस आम्ही पुण्यात भागवून घेतो.

मी पोचायच्या आधीच आईने माझ्या नावाने पॅकेज घेऊन ठेवलं होतं. 'चाळीशीपुढच्या स्त्रियांसाठी खास.' मी अजून अडतीस वर्षांचीच आहे, हे मी सांगून पाहिलं.

"होशीलच की," आई म्हणाली.

पॅकेजमध्ये स्तनांची सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "दोन्हीकडे बारीक गाठी आहेत. सगळ्या साध्या आहेत. बऱ्याच बायकांना असतात. काळजीचं काही कारण नाही." मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

बाहेर आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "गाठी आहेत."

रिक्षा घरापाशी थांबली. उतरताना आई म्हणाली, "ते पॅकेज घ्यायलाच नको होतं."

* * *

माझा नवरा निखिल तेव्हा कामामुळे हार्लेमलाच राहिला होता. मी त्याला सोनोग्राफीचा फोटो पाठवला. आता प्रत्येक मराठी घरात एक तरी डॉक्टर नातेवाईक असतो, आणि तो नेमका हाडांचा असतो. आमच्याकडे निखिलचा आतेभाऊ आहे. निखिलने फोटो त्याला पाठवायला घेतला आणि घाईघाईत टाकला तो अख्ख्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. काहीही न लिहिता, नुसता करडा-काळा फोटो.

पहिला मेसेज सांगलीच्या वसंतकाकांचा आला. "अभिनंदन! इराला भाऊ की बहीण? तिकडे तर सांगतात ना?"

इरा ही आमची मुलगी. निखिलने फोटो काढून टाकेपर्यंत ग्रुपवर फुलांचा सडा पडला होता. फोटो गेला तरी फुलं राहिली. शेवटी मी स्वतः सासूबाईंना फोन केला आणि समजावून सांगितलं, की मूल नाही, गाठी आहेत, आणि त्याही साध्या आहेत.



"म्हणजे मूल नाहीच," त्या म्हणाल्या.

* * *

परत आल्यावर मी रिपोर्ट घेऊन हाउसआर्ट्सकडे गेले. हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. तो ज्याला पाठवेल तोच पुढे हॉस्पिटलात जातो. आमचे हाउसआर्ट्स वयस्कर आहेत, शांत आहेत, आणि त्यांना घाई करताना कोणी पाहिलेलं नाही.

"तक्रार काय होती?" त्यांनी विचारलं.

"काहीच नव्हती."

"दुखत होतं? हाताला काही लागलं होतं?"

"नाही."

"मग सोनोग्राफी का केली?"

"पॅकेजमध्ये होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पॅकेज म्हणजे काय, हे मी माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये समजावून सांगितलं. त्यात डोळ्यांची तपासणी फुकट होती, हेसुद्धा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला तपासलं, रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "ह्या रिपोर्टसाठी तुम्हाला पुढे पाठवायची गरज नाही. पण तुमच्या चेहऱ्यासाठी पाठवतो."

* * *

हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. त्या दिवशी इराच्या शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, म्हणून मुलांना सुट्टी होती. इरा दहा वर्षांची आहे. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती आमच्याशी इंग्रजीत बोलते आणि बाकी जगाशी डचमध्ये.

डॉक्टर तरुण होती. तिने जेल लावलं, प्रोब फिरवायला सुरुवात केली, तेवढ्यात इरा म्हणाली, "मी बघू का?" डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तशी तिने स्क्रीन सरळ इराकडे वळवली. मग त्या दोघींचं डचमध्ये बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मी छताकडे बघत पडले होते.

शेवटी डॉक्टर आम्हाला म्हणाली, "दोन सिस्ट आहेत आणि एक फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे घट्ट गाठ. सगळं साधं आहे. पुन्हा यायची गरज नाही. काही बदललं तर फोन करा."

निखिल सॉफ्टवेअरवाला आहे. पुढची तारीख मिळाल्याशिवाय तो मीटिंगमधून उठत नाही.

"मग पुढची अपॉइंटमेंट?"

"नाही."

"सहा महिन्यांनी वगैरे?"

"नाही."

"मग ह्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"तुमची पत्नी. तिला काही वेगळं जाणवलं, की आम्ही आहोत."

गाडीत बसल्यावरही त्याचं चालूच. "असं कसं? ह्या केसला कोणी ओनरच नाही."

"आई ओनर आहे ना," मागून इरा म्हणाली.

* * *

आता मी हे हसून सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. दोन देशांच्या तीन डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तरी माझा विश्वास बसत नव्हता. दात घासताना हात जायचा, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जायचा, भाजी चिरता चिरता जायचा. सारखं दाबून दाबून दुखायला लागायचं, आणि दुखतंय म्हणून मी आणखी घाबरायचे. इराला रात्री माझ्या छातीवर डोकं ठेवून पडायची सवय होती. मी तिला बाजूला सरकवायला लागले.

कारण मला माहीत होतं, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं. मी इराएवढी असताना आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांची मुलगी स्मिता माझ्या वर्गात होती. त्यानंतर ती शाळेत यायची तेव्हा तिच्या वेण्या वाकड्या असायच्या, एक वर, एक खाली. तिच्या बाबांना जमायचं नाही. मी मेले तर माझं काय होईल, ह्याची भीती मला वाटलीच नाही. निखिलला वेणी घालता येत नाही, ह्याची वाटायची.

* * *

ह्याच दिवसांतली गोष्ट. सकाळी सायकलवरून ऑफिसला निघाले होते. सिग्नल लाल होता. एक पाय रस्त्यावर टेकवून मी उभी होते आणि नकळत हात जॅकेटच्या आत गेला.

शेजारी एक डच आजी सायकल घेऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "डावं की उजवं?"

मी इतकी दचकले की खरं उत्तर देऊन बसले. "उजवं."

"माझं डावं होतं," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. चला, हिरवा झाला."

आणि मला मागे टाकून निघूनही गेल्या.

* * *

आसावरी एका मोठ्या कंपनीत रिलीज मॅनेजर आहे. कोणता बदल कधी करायचा आणि कधी कशालाही हात लावायचा नाही, हे ठरवायचे तिला पैसे मिळतात. तिने शनिवारी चालता चालता माझ्यासाठी नियम केला. "पाळी संपली की महिन्यातून एकदा बघायचं. मधे हात लावायचा नाही. चालू सिस्टीमला कोणी उगाच हात लावतं का?"

पहिल्याच आठवड्यात मी नियम मोडला आणि तिला फोन केला.

"काय बदललंय?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"मग तिकीट रिजेक्टेड. तक्रार नामंजूर." आणि फोन ठेवला.

हे बरेच दिवस चाललं. आणि एका रविवारी तिचाच फोन आला. आवाज अगदी बारीक. "मुग्धा, मलाही लागलंय काहीतरी. उजवीकडे, खालच्या बाजूला. कडक आहे."

मी गॅस बंद केला. "केवढं आहे?"

"लांब आहे. मागेपर्यंत जातंय."

"मागे म्हणजे कुठे?"

"पाठीपर्यंत."

"आसावरी," मी म्हटलं, "ती बरगडी आहे."

* * *

माझं ऑफिस बाडहूव्हडॉर्पला आहे, विमानतळाला लागून. आम्ही मालवाहतुकीचं प्लॅनिंग करतो. हॉस्पिटलसाठी रजा घेतली तेव्हा माझ्या मॅनेजरने कारण विचारलं, आणि मी सांगितलं. नंतर सगळं ठीक निघाल्यावर त्याला म्हटलं, "टीमला तूच सांग बाबा, मला त्या विषयावर डचमध्ये बोलता यायचं नाही." मला वाटलं होतं, तो एकेकाच्या कानावर घालेल.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने घसा साफ केला. "पहिला मुद्दा. मुग्धाचे स्तन व्यवस्थित आहेत. दुसरा मुद्दा, रॉटरडॅमचे कंटेनर."

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि कंटेनरकडे वळले. इथे ज्याची आनंदाची बातमी असते त्यानेच ऑफिसला खायला आणायचं असतं, आणि आपल्याकडेही तेच असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पेढे नेले. रजेवरून परत आलेल्या एकाने विचारलं, "हे कशाबद्दल?"

"गाठी साध्या निघाल्या," शेजारच्याने सांगितलं.

"अरे वा," म्हणून त्याने दोन उचलले.

* * *

ज्योतीताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, घरात बसून कंटाळल्या आणि डबे करायला लागल्या. आता हार्लेमची निम्मी मराठी मंडळी त्यांच्याकडचं जेवतात. त्यांचं एक आहे: मनात धास्ती असली, की त्या सुरळीच्या वड्या करतात. एरवी वेळखाऊ म्हणून कधी करत नाहीत. "हात गुंतलेले असले की डोकं गप्प बसतं," असं त्यांचं म्हणणं.

पन्नाशीनंतर इथे सरकारकडून ठरावीक काळाने मॅमोग्राफीला बोलावतात. त्यासाठी एक मोठी गाडी गावात येऊन उभी राहते. ज्योतीताई तिथे जाऊन आल्या, हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. पण बुधवारच्या डब्यात सुरळीच्या वड्या आल्या. गुरुवारी परत. शुक्रवारीही. वड्या अप्रतिम होत्या, पण कोणाच्या घशाखाली उतरत नव्हत्या. विचारायची कोणाची छाती होईना.

पुढच्या आठवड्यात दुपारी आसावरीचा मेसेज आला. "ज्योतीताई ठीक आहेत. आज आमटीभात आलाय."

* * *

आणि आता इराचा किस्सा.

इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं लागतं. मुलं घोड्यांवर बोलतात, ज्वालामुखीवर बोलतात, आपल्या हॅमस्टरवर बोलतात. आई-वडिलांना मागे बसून ऐकता येतं. इराने विषय आम्हाला सांगितला नव्हता. "यू विल सी," एवढंच. घरातून निघताना तिने एक फुगा, थोडी द्राक्षं आणि स्वयंपाकघरातला एक जाड नॅपकिन पिशवीत भरला. मला वाटलं, काहीतरी जादूचे प्रयोग असतील.

मी मागे, मुलांच्या छोट्या खुर्चीत कशीबशी बसले. इराने पहिली स्लाइड लावली. डचमध्ये लिहिलं होतं: 'माझ्या आईच्या गाठी'.

मला उठून जावंसं वाटलं, पण त्या खुर्चीतून पटकन उठता येत नाही.

तिने पाणी भरलेला फुगा वर धरला. "ही सिस्ट. आत फक्त पाणी असतं." मग नॅपकिनखाली एक द्राक्ष ठेवलं आणि सगळ्यांना एकेक करून बोट लावून बघायला सांगितलं. "पळतंय ना बोटाखाली? माझ्या आईची तिसरी गाठ अशी आहे. डॉक्टरने नीट बघून सांगितलं, की ती साधी आहे. बदल झाला तर परत जायचं. नाही झाला तर नाही जायचं."

पोरं रांग लावून द्राक्ष चाचपत होती. कोणी हसलं नाही.

"माझी आई घाबरते," इरा पुढे म्हणाली. "ती बाथरूममध्ये जाऊन सारखी बघते. आणि मला वाटतं ती माझ्यामुळे घाबरते, कारण मी अजून लहान आहे. ती तिथे मागे बसलीय."

अख्ख्या वर्गाने वळून माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. दुसरं काय करणार?

"प्रश्न?" इराने विचारलं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "तुझी आई मरणार आहे का?"

 त्यांचे सर खुर्चीतून अर्धे उठले. इराने थोडा विचार केला.

"हो," ती म्हणाली. "पण ह्याने नाही. अजून कोणाचा प्रश्न?"