हॉस्टेलच्या पत्त्यावरची साथ

…आणि बघते तर काय, दाराला आडवी पिवळी पट्टी! काल गोष्ट इथंच अडली होती. व्हर्ना मीकिस हातात पिशवी घेऊन पट्टीच्या अलीकडे उभी, आणि पलीकडे तोंडाला मास्क लावलेली माणसं दारांच्या मुठी पुसतायत, जिन्यावरचा गालिचा उपटून अंगणात फेकतायत. सकाळच्याच विमानानं ती भाचीला घेऊन शहरात आली होती. पोरीला, टॅन्सीला, हॉस्पिटलात सलाईन लागली, तेव्हा कुठं ही पाठ टेकायला हॉस्टेलवर आलेली. उत्तरेकडच्या सरोवरांवरून दवाखान्यासाठी येणारं सगळं माणूस इथंच उतरतं.

"रोझली, काय चाललंय हे?" तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन हाक मारली.

"साथ आलीय म्हणे, पोरी!" हॉस्टेलची स्वयंपाकीण रोझली, तिनं पिठाच्या हातानंच खिडकी उघडली. "आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून गोळ्या गिळायला लावल्यात. पोटात नुसती मांजरं भांडतायत. घर धुऊन झालं, भांडी धुऊन झाली, आता मलाच तेवढं धुवायचं राहिलंय."

"कसली साथ?"

"तीच गं. घशातला तो जंतू रक्तात शिरतो ती. तुझ्या भावाचा हात गेला ना, तीच."

व्हर्नाच्या हातातली पिशवी गळून पडली.

ही व्हर्ना म्हणजे स्टर्जन नॅरोजच्या आरोग्य केंद्रातली मदतनीस. बाहेरून यायला रस्ता नसलेलं, विमानानंच गाठायचं गाव ते. जखमा बांधणं, बाळांची वजनं करणं हे तिचं काम. पण खरी मजा गावच्या रेडिओवर. बिंगोचे आकडे पुकारता पुकारता मध्येच म्हणायची, "बी सात! आणि हार्वी, तुझ्या पायाची जखम मला खिडकीतून दिसते हं. उद्या ये, नाहीतर मी येऊन तुझ्या सासूसमोर धुईन!" हार्वी दुसऱ्या दिवशी पहाटेच केंद्राच्या पायरीवर हजर. गाव हसायचं, आणि मुकाट्यानं हात धुवायचं.

तिचा भाऊ एलरॉय मासे साफ करत होता, तेव्हा माशाच्या पराचा काटा त्याच्या तळहातात घुसला. एवढंसं टोचलेलं. पण दुसऱ्या दिवशी हात दंडापर्यंत सुजून काळानिळा पडला. विमानानं शहरात नेला, तर जीव वाचवायला हात कापावा लागला. मग त्याच घरातली त्याची सासू जोसेफीन तापानं फणफणली. ती गेली विमानातून आणि परत आली पेटीतून. घरं पुरत नाहीत म्हणून त्या एका छपराखाली चौदा माणसं राहायची, पाणी सरोवरातून बादलीनं आणायची. त्या सगळ्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या मिळायला हव्यात, म्हणून व्हर्नानं विभागाच्या रोगपाहणी कार्यालयाला फोन लावला. वरून हुकूम आल्याशिवाय केंद्रातली नर्स घरभर गोळ्या वाटू शकत नव्हती.

दर वेळी गोड आवाजात उत्तर यायचं, "बाई, तुमच्या गावात या आजाराचा एकही रुग्ण नाही."

"मग माझ्या भावाचा हात काय अस्वलानं नेला?"

"आमच्याकडे तसं दिसत नाही, बाई."

आणि आता त्याच घरातली, एलरॉयचीच लेक टॅन्सी सलाईनवर होती. उरलेली पोरं तिथंच, त्याच अंथरुणांवर.

पिवळ्या पट्टीपुढं उभ्या उभ्या व्हर्नाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीतल्या बाईला रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर लागतो. त्याशिवाय तिचा संगणक पुढं सरकत नाही. सरोवरावर ना रस्त्याला नाव, ना घराला नंबर. म्हणून कटकट नको, मागं रांग खोळंबते, असं म्हणत सगळी गावं वर्षानुवर्षं हॉस्टेलचाच पत्ता सांगत आली होती. एलरॉयचा तोच सांगितला होता, व्हर्नानंच. जोसेफीनचाही. आज सकाळी टॅन्सीचासुद्धा! हॉस्पिटलातून आलेल्या या पत्त्यांवरून कार्यालयाला एका छपराखाली साथ दिसली, आणि ते बादल्या घेऊन धावले. धावले ते भलत्याच छपराकडं.

तिनं आपल्या भाषेत आधी स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि उरलेल्या सगळ्या घेऊन ती कार्यालयात गेली.

ग्रॅहम पेली नावाचा तिथला साहेब तसा सभ्य माणूस. त्यानं खुर्ची दिली, चहा विचारला. भिंतीवरच्या शहराच्या नकाशात हॉस्टेलभोवती लाल वर्तुळ होतं. "किती लवकर पकडली बघा ही साथ!" तो म्हणाला.

"पकडली? अहो, साथ माझ्या भावाच्या घरात चुलीपाशी बसून ऊब घेतेय, आणि तुम्ही इथं गालिचे उपटताय!"

तिनं सगळं सांगितलं. पेलीचा चेहरा पांढराफटक झाला. त्यानं नकाशाकडं पाहिलं, मग कपातल्या चहाकडं.

"म्हणजे आधी पत्ते दुरुस्त करावे लागतील," तो पुटपुटला. "मग चौकशी, मग गोळ्यांचा निर्णय. पद्धत आहे, बाई."

"रोझलीच्या घशात गोळ्या कोंबल्या तेव्हा कुठं गेली होती पद्धत? तिनं माझ्या भाचीचं तोंडही पाहिलेलं नाही! दुपारचं विमान भरतंय, साहेब. नर्सला फोन करा आणि खोकं माझ्या हातात द्या."

"पण तुम्ही लोकांनी इतकी वर्षं चुकीचा पत्ता का द्यावा?"

"कारण खरा पत्ता तुमच्या यंत्राला गिळवत नाही!" टेबलावरचा कप थरथरला. शेजारच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं.

पेलीनं फोन जवळ ओढला, पेन उघडलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बरं. मग खोक्यावर कुठला पत्ता घालू?"

व्हर्ना म्हणाली, "घाला, स्टर्जन नॅरोज, धक्क्यापासून वर, निळ्या दाराचं घर. आणि तुमच्या माणसाला तेही सापडलं नाही, तर म्हणावं एलरॉयला विचार. बोट दाखवायला त्याचा एक हात अजून शिल्लक आहे."