पाऊण कॅरेटची अंगठी

भिंगमावशी टोमॅटोसुद्धा उजेडाकडे धरून, देठ वर करून, सावकाश फिरवून मगच पिशवीत टाकत. भाजीवाला म्हणायचा, "मावशी, हिरा नाही तो."

"म्हणून तर बघतेय," मावशी म्हणायच्या. "हिऱ्यात अळी नसते."

सवय जुनी होती. एकतीस वर्षं त्यांनी हिऱ्यांच्या कारखान्यात प्रतवारी केली. पैलू पाडून आलेले सुटे खडे पांढऱ्या कागदाच्या घडीवर पालथे मांडायचे, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिमट्याने एकेक उचलून पाणी, डाग, आकार बघून वेगळे करायचे. पुढे पुढे नजर इतकी बसली की खडा काट्यावर जायच्या आधीच त्या वजन सांगत आणि काटा मागाहून मान डोलवी.

पण त्या कामाने डोळ्यांबरोबर आणखीही काहीतरी घडवलं. रोज सुटताना बायकांची रांग लागे. नखं दाखवायची, अंबाडा सोडायचा, चपला आपटायच्या. हातातून खडा निसटला तर "पडला" एवढंच म्हणायचं, की सगळी खोली जिथल्या तिथे थांबायची. सापडेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही. एकदा मावशींच्या टेबलावरचा एक बारीक खडा तीन तास सापडेना. त्यांची झडती दोनदा झाली. शेवटी तो देखरेखीच्या साहेबांच्याच पॅन्टच्या दुमडीत निघाला. साहेब "चला, मिळाला" म्हणाले आणि चहाला गेले. मावशींनी त्या दिवशी घरी येऊन देवापुढे दिवा लावला, पण मनातल्या मनात सगळ्यांना, अगदी देवालाही, जरा लांब बसवलं.

आसपासच्या बायका त्यांना काय काय विचारायच्या. हिरा गिळला तर माणूस मरतो का? मावशी म्हणत, "मालकाचा असला तर मरतो." हिरा सगळ्यांना लाभत नाही, तीन रात्री उशाखाली ठेवून बघावा लागतो, हे खरं का? "ज्याच्याकडे आहे त्याने बघावं, मी उशाखाली चष्मा ठेवते." खऱ्या हिऱ्यावर घण घातला तरी तो फुटत नाही म्हणतात? इथे मात्र मावशी गंभीर होत. "फुटतो. चांगले चार तुकडे होतात. ओरखडा पडत नाही याचा अर्थ फुटत नाही असा नव्हे. घण घालून पारखायला गेलेल्यांनी किती खरे हिरे मातीत घातले असतील, देव जाणे."

या सगळ्यात एक हिरा मावशींच्या हाताला कधीच लागला नव्हता, आणि तो त्यांच्याच घरात होता.

सासूबाईंच्या बोटात लग्न ठरल्याची अंगठी होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची घडण, सोन्याची कडी आणि वर पांढऱ्या धातूत बसवलेला एकच खडा. सासरे अभिमानाने सांगत, "पाऊण कॅरेट आहे हो." मावशी स्वयंपाकघराच्या दारातून बघत आणि मनात म्हणत, पाऊण तर सहज असेल. पण सासूबाईंनी ती अंगठी सुनेच्या हातात म्हणून कधी दिली नाही. कणीक मळताना काढली तर मुठीत धरून आत नेत. एकदा मावशी सहज म्हणाल्या, "द्या, स्वच्छ करून आणते. हिऱ्याला तेलाचं भारी वेड असतं, चिकटून बसतं." सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. "राहू दे. तू दिवसभर खडेच हाताळतेस."

एवढंच. मावशी समजल्या, कारखान्यात झडती आणि घरातही झडतीच.

सासूबाई गेल्या तेव्हा अंगठी नणंदेकडे गेली. आणि आता, इतक्या वर्षांनी, मावशींच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा नणंदेने ती कागदात गुंडाळून पाठवून दिली. मुलगा वीज कंपनीत मीटर वाचायचा. मुलगी इस्पितळात नर्स, उंच, कमी बोलणारी. मुलाने उत्साहाच्या भरात अंगठी आईला न दाखवताच मुलीच्या हातावर ठेवली. ती सैल झाली, म्हणून तिने इस्पितळाजवळच्या म्हाताऱ्या सोनाराकडे टाकली. चार दिवसांनी घेऊन आली. पुढच्या रविवारी दोन्ही घरची माणसं जेवायला बोलावून सगळ्यांसमक्ष ती बोटात घालायची, असं ठरलं होतं.

बुधवारी दुपारी मुलीने डबी मावशींपुढे ठेवली. "बघा ना मावशी, कशी चमकतेय."

मावशींनी खिडकीपाशी जाऊन भिंग लावलं. मग भिंग पुसून पुन्हा लावलं.

खडा पाऊण कॅरेट नव्हता, निम्माही नव्हता. अठरा सेंट, फार तर वीस. म्हणजे कॅरेटचा पाचवा हिस्सा. आणि त्याच्या भोवती, जिथे मोठा खडा असायला हवा होता तिथे, पांढऱ्या धातूची एक गोल चकती होती. तिच्यावर छिन्नीने पैलू कोरलेले, नवीकोरी लकाकणारी. मोठा खडा काढला, लहान बसवला, आणि उरलेलं भगदाड चकतीने बुजवलं. काय सफाई, काय हात.

त्यांनी खड्यावर फुंकर मारली. वाफ क्षणात उडाली. म्हणजे आहे हिराच. तेवढी लाज बाळगली म्हणायची.

"सोनाराकडे तू समोर बसली होतीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मला ड्यूटी होती."

"पावती?"

"त्यांनी दिली नाही. ओळखीचे आहेत."

"ओळखीचे. किती वर्षांच्या?"

"माझ्या वॉर्डात होते दोन महिने." मुलगी आता सावध झाली होती. "का, मावशी?"

"काही नाही. तो काही बोलला का, खड्याबद्दल?"

मुलीने डबीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. पण एक क्षण उशिरा म्हणाली. तो क्षण मावशींनी टिपला, जसा त्या खड्यातला केसाएवढा डाग टिपत.

ती गेल्यावर त्यांनी नणंदेला फोन लावला. "वन्सं, अंगठी तुमच्याकडे असताना कधी दुरुस्तीला टाकली होती का हो?"

"वहिनी, सरळ विचारा ना, खडा काढला का म्हणून."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"आईने दिली त्याच कागदात पाठवली मी. कागदही बदलला नाही. आणि मला काच आणि हिरा यातला फरक कळत नाही, तुमच्यासारखे डोळे कुठले आमचे." फोन ठेवला गेला.

कागद न बदलणारी बाई खडा कशाला बदलेल, असं मावशींना वाटलं. नणंद सुटली. राहिले दोघे, सोनार आणि मुलगी. किंवा दोघे मिळून. दोन महिने वॉर्डात होता म्हणे.

संध्याकाळी मुलगा आला. मावशींनी ताट वाढलं आणि वाढता वाढता सांगितलं. मुलाने घास खाली ठेवला.

"तू तिला चोर म्हणतेस?"

"मी कुणाला काही म्हणत नाही. खडा म्हणतोय."

"आई, खडा बोलत नाही. तूच बोलतेस. तू घरात आलेल्या प्रत्येक माणसाला चपला आपटायला लावतेस."

"मग तिलाच विचार ना, सोनार काही बोलला का. माझ्यापुढे अडखळली ती."

त्याने विचारलं, हीच त्याची चूक झाली. दुसऱ्या दिवशी तो डबी घेऊन परत आला आणि मावशींच्या पुढ्यात ठेवली. मुलीने निरोप दिला होता, अंगठी मावशींकडेच असू दे, त्यांचं समाधान झालं तर रविवारचं बघू. मुलगा एवढं सांगून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं मावशींना वाटलं.

पंधरा माणसं जेवायला बोलावलेली. लग्न मोडलं तर कशामुळे, हे त्या पंधराजणांना काय सांगायचं? खडा गेला तो गेला, पण मुलगा जायला नको. आणि खरंच चोरी झाली असेल तर अशी सून घरात आणायची कशी? मावशींनी हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. शुक्रवारी सकाळी डबी कमरेला खोचून त्या सोनाराकडे निघाल्या. सोबत भिंग होतंच.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. टेबलाला चामड्याची झोळी लावलेली, पडलेला सोन्याचा कण त्यात जावा म्हणून. म्हातारा दम्याचा. त्याने अंगठी पाहताच ओळखली.

"नर्सबाईंची ना? सैल झाली का परत?"

"हिच्यातला खडा कुठे आहे?" मावशींनी विचारलं.

"हा काय."

"हा अठरा सेंटचा आहे. मी पाऊण कॅरेटचा विचारतेय."

सोनाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. भिंगाकडे पाहिलं. "तुम्ही कारखान्यात होता वाटतं."

"एकतीस वर्षं."

"सुटे खडे?"

"सुटेच."

"कोंदणातला खडा कधी भिंगाखाली घेतलात?"

कारखान्यातून पुड्या बाहेर जात. पुढे त्यांचं काय होई, हे तिथे कुणी बघत नसे. एकतीस वर्षांत एकही बसवलेला खडा त्यांच्या चिमट्यात आला नव्हता.

"चोराला शहाणपण शिकवायची हौस असते," त्या म्हणाल्या, पण आवाज आधीएवढा पक्का नव्हता.

सोनार हसला, खोकला, आणि त्याने खणातून पत्र्याची डबी काढून टेबलावर उलटी केली. पाच-सहा जुनी रिकामी कोंदणं. प्रत्येकात तसलीच कोरलेली चकती, मधे बारीक भोक. "त्या काळात खडा लहान आणि हौस मोठी. मग कारागीर भोवतीच्या धातूलाच पैलू पाडायचे. खडा कुठे संपतो आणि धातू कुठे सुरू होतो, दोन हातांवरून कळायचं नाही. घरोघरी हेच होतं. आता तुमची बघा. चकती आणि खडा धरणाऱ्या नख्या एकाच तुकड्यातून काढल्यात, जोड नाही. नख्यांची टोकं झिजून गुळगुळीत झालीत. मी आत्ता खडा बदलला असता तर नख्या उचलाव्या लागल्या असत्या, टोचल्या असत्या. बोट फिरवा."

मावशींनी बोट फिरवलं. मग भिंग लावलं. जोड नव्हता. एका बाजूची नखी जास्त झिजली होती, शेजारच्या बोटाला वर्षानुवर्षं घासून. खड्याच्या बुडाचं टोक सपाट कापलेलं, जुन्या पद्धतीचं. सुटा मिळाला असता तर त्यांनी तो डोळे मिटून "जुना" म्हणून बाजूला काढला असता. इथे त्यांना फक्त त्याचा आकार दिसला होता.

"आणि चकती नवी का दिसते?"

"मी चकचकीत केली म्हणून. खाली जन्माचं तेल आणि साबण साचला होता."

मावशी स्टुलावर बसल्या. सासूबाईंचा तो पदराखाली गेलेला हात त्यांच्या डोळ्यांपुढे आला. सासूबाई त्यांच्या हातांना भीत होत्या, असं त्या जन्मभर समजून चालल्या. कदाचित त्या डोळ्यांना भीत असतील. नवऱ्याचा शब्द सुनेच्या भिंगाखाली जायला नको, एवढंच असेल.

"अंगठी न्यायला आल्या त्याच दिवशी नर्सबाईंना मी हे सांगितलं होतं," सोनार कोंदणं गोळा करत म्हणाला. "त्या म्हणाल्या, काका, हे कुणाला बोलू नका. त्यांच्या घरात पाऊण कॅरेट म्हणतात, तर पाऊणच राहू दे."

इस्पितळ तिथून चार मिनिटांवर होतं. मावशींना वीस लागली. वॉर्डाच्या दाराशी मुलगी औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने मावशींना पाहिलं, ट्रे आत ठेवला, हात धुतले, पुसले, मग बाहेर आली.

"सोनाराकडून येतेय," मावशी म्हणाल्या.

"बरं."

"तू मला सांगायचंस."

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं की."

"विचारलं नव्हतं, मावशी. झडती घेतली होती."

रुग्णाची चादर घेऊन एक आया दोघींच्या मधून गेली. मावशी भिंतीला टेकल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "खड्यात चुकलं, आणि तुझ्यातही चुकलं. खड्याचं मला जास्त लागलं आधी, खोटं कशाला बोलू. इथे येईपर्यंत दुसरं लागलं."

मुलीच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "मला सांगून काय उपयोग? त्याला तुम्ही जे सांगितलंत, ते त्याच्या डोक्यात आहे. त्याने मला विचारलं ना. तेही तुमच्याच शब्दांत."

वॉर्डाच्या टेबलावर फोन होता. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. मुलाच्या कार्यालयाचा नंबर मावशींना पाठ होता. तो फोनवर यायला वेळ लागला.

"मी इस्पितळातून बोलतेय," त्या म्हणाल्या. "नाही, मला काही झालेलं नाही. ऐक. खडा पहिल्यापासून लहानच होता. तुझ्या आजोबांनी आणि मी, दोघांनी तो मोठा केला. कुणी काही काढलं नाही. हिला सगळं माहीत होतं आणि आपल्या घराची लाज राखायला ही गप्प बसली. मी हिच्यावर आळ घेतला. हे मी हिच्यासमोर उभी राहून सांगतेय. हो. समोरच आहे."

पलीकडून मुलाने काहीतरी हळू विचारलं.

"ते मला काय विचारतोस?" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन मुलीपुढे धरला.

मुलीने तो घेतला. "हं," ती म्हणाली. ऐकत राहिली. मग म्हणाली, "रविवारची रजा टाकली होती मी. ती अजून रद्द केलेली नाही. पण पाऊण कॅरेट कुणी म्हणायचं नाही. विचारलं तर मावशी सांगतील किती ते."

"अठरा सेंट," मावशी म्हणाल्या.

"सोनारकाका म्हणाले एकवीस."

मावशी बोलायला गेल्या, आणि मग म्हणाल्या, "असेल."