आबांच्या गुडघ्याचं वेळापत्रक

तुम्ही दोघं फोनवर विचारता, "आजी, एक्सेल अजून येतं ना?" येतं. तुम्ही शिकवलेलं मी विसरत नाही. फक्त त्याचा उपयोग मी कशासाठी केला हे तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. ऑपरेशन झालं, आबा चालायला लागले, एवढंच कळवलं. मधले तेवीस दिवस राहून गेले, ते आता लिहिते.

आबांचा उजवा गुडघा चार वर्षं कुरकुरत होता. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं होतं आणि आबांनी दोनदा तारीख घेऊन दोनदा रद्द केली होती. पहिल्यांदा दसऱ्याला पाहुणे येणार म्हणून, दुसऱ्यांदा आषाढ लागला म्हणून. आपल्या घरात आषाढ कधी कोणी पाळलेला मला आठवत नाही, पण इथे म्हैसूरला तो सगळेच पाळतात, म्हणून तेही म्हणाले, "आषाढात कोणी नवं काही करत नाही." मी म्हटलं, "गुडघा म्हणजे काय गृहप्रवेश आहे?" उपयोग झाला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी खरोखरच बिनतोड कारण काढलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे जिना चढायचा नाही. आपली झोपायची खोली आणि धड बाथरूम वरच्या मजल्यावर. खाली जिन्याखालचा तो जुना संडास, उकिडवं बसायचा, दार इतकं अरुंद की वॉकर आत जाणार नाही.

"खाली कमोडची बाथरूम तयार झाल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही," आबा म्हणाले.

"तयार झाली तर ठेवाल?"

"झाली तर."

मी त्याच दिवशी श्रावणातली तारीख घेतली. हातात तेवीस दिवस होते. चोविसाव्या दिवशी भरती.

नोकरीची बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी बनवलं आहे. मोठा कार्डशीट, रंगीत पेन्सिली, प्रत्येक शिक्षकाला एक रंग. त्यामुळे तुम्ही व्हिडिओ कॉलवर तो पट्ट्यांचा आलेख शिकवलात तेव्हा मला तो परका वाटला नाही. एका रकान्यात काम, दुसऱ्यात सुरू होण्याची तारीख, तिसऱ्यात किती दिवस. मग एकापुढे एक जोडलेल्या आडव्या पट्ट्या काढायच्या आणि तारखेची पट्टी बिनरंगी करून टाकायची. ती असते, पण दिसत नाही. उरलेली दिवसांची पट्टी बरोबर आपल्या तारखेवर जाऊन अधांतरी उभी राहते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच हसले होते. पहिलं काम सगळ्यात खाली येतं, म्हणून क्रम उलटा करावा लागतो, हे मात्र माझं मी शोधलं.

प्रत्येक कामाची तारीख आधीच्या कामावरून मोजली जाईल असा फॉर्म्युला घातला. जुनं फोडणं दोन दिवस, नळाचे पाइप दोन, दाराची भिंत फोडून रुंद करणं आणि गिलावा तीन, जमिनीचं वॉटरप्रूफिंग दोन, गळती तपासायला त्यावर पाणी साठवून ठेवणं पाच, फरश्या तीन, वाळायला एक, कमोड आणि धरायच्या दांड्या दोन. वीस दिवस. तीन दिवस हातात. शेवटची ओळ, "भरती", तिची तारीख मात्र मी हाताने लिहिली आणि तो खाना लॉक केला. प्रिंट काढून फ्रिजवर लावली.

मेस्त्री पिरियापट्टणकडचा. इथे हूटगळ्ळीत गेली दहाबारा वर्षं घरं बांधतोय. आपल्या गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची. त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "छान आहे, अम्मा. रांगोळीसारखं."

"रांगोळी नाही. ही तुझी कामं आहेत, आणि हे दिवस."

"दिसतंय की."

चार दिवस सगळं आलेखाप्रमाणे चाललं. धूळ सोडली तर मला तक्रारीला जागा नव्हती. चौथ्या संध्याकाळी हात धुता धुता तो म्हणाला, "अम्मा, अजून दोन दिवस येतो, मग दहा दिवस मी नाही. पान पिकलंय."

त्याची दोन एकर तंबाखू होती. पान झाडावर जास्त पिकलं की गेलं. ते तोडायचं, काठ्यांना बांधायचं, भट्टीत टांगायचं आणि खाली सतत जाळ ठेवायचा. तिकडे त्या भट्टीला ब्यारन म्हणतात.

"तोडायला दुसरी माणसं लाव," मी म्हटलं.

तो दुखावला. "तसं नसतं, अम्मा. आमच्यात मुय्याळु असतात. मी तीन दिवस शेजाऱ्यांची पानं तोडतो, मग ते माझी तोडायला येतात. मी गेलो नाही तर माझ्या शेतात कोण येईल?"

मी आत जाऊन संगणक उघडला आणि मेस्त्रीच्या गैरहजेरीचे दहा दिवस घातले. खालच्या सगळ्या पट्ट्या एकदम उजवीकडे सरकल्या आणि दांड्यांची शेवटची पट्टी भरतीच्या पार पलीकडे, तिसाव्या दिवशी जाऊन बसली. आबा काठी टेकत मागे येऊन उभे होते.

"अरेरे," ते म्हणाले. त्या अरेरेत दुःख अजिबात नव्हतं. "गेलं की गं वेळापत्रक."

"बघते मी."

"त्यात काय बघायचं? भरतीलाही फॉर्म्युला लाव. तीही आपोआप सरकेल."

"तो खाना लॉक आहे."

"मास्तरीणबाई, गुडघा माझा आहे."

"आणि शब्दही तुमचाच आहे. तयार झाली तर जाईन म्हणालात."

ते काठी आपटत बाहेर गेले. मी ओळखून होते. या वेळी तारीख गेली असती तर पुढे दसरा, मग थंडी, मग कोणाचं तरी लग्न. आदल्या महिन्यात ते दिवसातून एकदाच वर चढत होते आणि उतरताना जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत येत होते, मी पाहत नाही असं समजून. आणखी वर्षभर मी ते पाहणार नव्हते.

सकाळी मेस्त्री आला तेव्हा त्याला संगणकासमोर खुर्ची दिली. तो अवघडून टोकावर बसला.

"अम्मा, एक बोलू? यात तुमची सगळी कामं आहेत. माझी कुठे आहेत?"

माझी चूक तिथेच होती. शाळेत शिक्षक या वर्गावर नसला तर त्या वर्गावर असतो, कुठे असतो ते मला ठाऊक असतं. मेस्त्रीच्या मागे शेत आहे हे मला दहा वर्षं माहीत होतं, तरी मी त्याला माझ्याच तासांत बसवलं होतं.

मी म्हटलं, "सांग. तुझी कामं घालू."

त्याने "पानं तोडणं, भट्टी" म्हणून दहा दिवस एका दमात सांगितले. मी म्हटलं, असं नाही, तुकडे कर. तुकडे त्याला सांगता येईनात, म्हणून त्याने बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ती गावी शेत सांभाळते. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण अशी पर्यवेक्षिका मला शाळेत मिळाली असती तर मी दहा वर्षं तरुण राहिले असते.

"शेजाऱ्यांचे तीन दिवस," ती म्हणाली. "आपले तोडायचे-बांधायचे दोन. टांगायला एक. पहिला जाळ लावायला एक."

"आणि पुढे तीन दिवस जाळ बघायला मी लागतोच ना?" मेस्त्री म्हणाला.

"तू? अय्यो! अम्मा, जाळ दर वर्षी मी बघते. हा ब्यारनच्या दारात चटई टाकून घोरतो. सात दिवसांनी घेऊन जा त्याला, मलाही स्वयंपाक कमी करावा लागेल."

मेस्त्रीने घाईने स्पीकर बंद केला. मी हसले नाही. निदान त्याच्यासमोर नाही.

दहाचे सात झाले, तरी पुरेना. मी त्याच्या ओळी हिरव्या रंगात माझ्या ओळींखाली घातल्या आणि दोन्ही एकत्र पाहिल्या. मग दिसलं. माझ्या आलेखात पाच दिवस असे होते की कोणीच काही करत नाही, नुसतं पाणी साठून असतं. ते पाच दिवस मी त्याच्या समोर ठेवले होते, तो इथे असताना. ते तो गावी गेल्यावर, त्याच्या मागे जायला हवे होते.

"वॉटरप्रूफिंग आज-उद्या कर," मी म्हटलं, "परत आलास की भिंत फोड. तू गावी, पाणी इथे."

"उलटं होतं, अम्मा. भिंत फोडताना विटा खाली पडतील, नवी जमीन तडकेल."

"वर काही घातलं तर?"

त्याने विचार केला. "पोती आणि फळ्या. दोन थर."

"मग?"

"मग होईल."

मी क्रम बदलला. पट्ट्या हलल्या आणि शेवटची बाविसाव्या दिवशी येऊन थांबली. मेस्त्रीने पडद्याला बोट लावलं, "हे हिरवं माझं ना? याचा एक कागद मला द्या. बायकोला दाखवतो." दोन कागद काढले, एक त्याचा आणि एक फ्रिजवर.

तो गेला. उंबऱ्याशी सिमेंटचा लहान बांध घातलेला होता आणि आत चार बोटं पाणी. सकाळ-संध्याकाळ पाणी उतरलं का बघायचं आणि भर घालायची, हे काम माझं. आबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. पहिले दोन दिवस थट्टा करत होते, बाई आता मासे सोडा म्हणून. तिसऱ्या दिवशी नुसते पाण्याकडे बघत होते. मी तांब्या ठेवला तेव्हा म्हणाले, "आता काही अडत नाही म्हणजे."

"नाही."

"अगं, मला बाथरूमचं काही नव्हतं."

"मला माहीत आहे."

"भूल देतात ना, त्यातून माणूस उठला नाही तर?"

लग्नाला पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, पण भीती वाटते असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. मी धीर देणारं काही बोलले नाही. त्यातलं मला काही कळत नव्हतं आणि खोटं बोलले असते तर त्यांना लगेच समजलं असतं. मी आत गेले आणि आलेखात एक ओळ वाढवली: "भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटणे, अर्धा दिवस." दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, तुमच्याहून थोडीच मोठी. तिने चित्र काढून दाखवलं की कमरेखालचाच भाग बधिर करणार, आबा जागे असतील. "गप्पा मारू आपण," ती म्हणाली. आबांनी विचारलं, "कन्नडमध्ये की इंग्रजीत?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल त्यात, फक्त डॉक्टरांना सूचना द्यायच्या नाहीत." येताना रिक्षात त्यांनी तीनदा तेच वाक्य मला ऐकवलं.

मेस्त्री गावी गेल्यापासून आठव्या दिवशी सकाळी हजर झाला, हाताला तंबाखूचा काळा चीक तसाच. पोती, फळ्या, भिंत, फरश्या. बाविसाव्या दिवशी दुपारी त्याने भिंतीतल्या दांडीला लोंबकळून दाखवलं. "अप्पा, मी टिकलो. तुम्ही टिकालच."

चोविसाव्या दिवशी आबा स्वतः बॅग भरून व्हरांड्यात बसले होते. माझ्या आधी.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी घरी आले. जिन्याकडे पाहिलंही नाही. वॉकर एकेक पाऊल पुढे सरकवत नव्या दारापर्यंत गेले, दार रुंद होतं, वॉकर कुठे घासला नाही. मी मागून हात पुढे केला तो त्यांनी मानेनेच नाकारला. आत गेले, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी राहिले, श्वाससुद्धा हळू घेत.

आतून आवाज आला, "बाहेर उभी आहेस ना?"

"नाही."

"मग बोलतंय कोण? जा, चहा टाक. मी येतो."

मी गेले आणि चहा टाकला. तो उतू जायच्या आत ते स्वतः चालत स्वयंपाकघराच्या दारात आले होते.