राहून गेलेला ख्वन

थायलंडला निघालेल्या लोकांना मी जे सांगते ते मला आता झोपेतही म्हणता येईल. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लाडानंसुद्धा नको. मूर्तीकडे पाय करून बसू नका. बुधवारी केस कापायला जाऊ नका, दुकान बंद मिळेल. घरातून निघताना पाल चुकचुकली तर ते लोक थांबतात, तेव्हा ड्रायव्हर उशिरा आला तर भांडू नका. आणि कुणाचं बाळ गोड दिसलं तरी गोड म्हणू नका. तिथल्या म्हाताऱ्या बायका बाळाला बघून ‘शी, काय कुरूप पोर आहे’ म्हणतात, म्हणजे भुतांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. इथवर आलं की समोरचं कुटुंब हसतं. मग कुणीतरी काका विचारतात, “मॅडम, डोकं एवढं पवित्र, तर मसाजवाली ते चेपते कशी?” काकांना वाटतं, हा प्रश्न जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचलाय. ती आधी हात जोडून माफी मागते, असं मी सांगते, आणि पुढच्या कुटुंबाला आत बोलावते.

दुबईत अल मनखूलमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात मी हे काम करते. तिकडची हॉटेलं आणि गाड्या बघणारी माझी सहकारी थायलंडचीच, ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखातली. तिला आम्ही सगळे ‘पी’ म्हणतो. मोठ्या बहिणीला किंवा भावाला त्यांच्याकडे पी म्हणतात, आपल्या ताई-दादासारखं. मी तिच्याहून लहान, म्हणून ती मला ‘नोंग’ म्हणते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला धाकटी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे मी ते चालवून घेते. फोटोकॉपी मशीनच्या वर तिनं एक फळी ठोकून घेतलीय. तिथे जागेच्या रखवालदार देवाला ती रोज लाल कोल्ड्रिंकची बाटली ठेवते, झाकण उघडून, वर स्ट्रॉ घालून. मुंग्या येतात म्हणून मी तिच्याशी कितीदा भांडले असेन. “त्याला तहान लागते,” एवढंच ती म्हणते आणि ओल्या फडक्यानं मुंग्या पुसते.

आमचं बरं चाललं होतं. मग अजमानचा अपघात झाला.

उन्हाळा सुरू होण्याच्या बेतात होता. नवऱ्याच्या मावसभावाकडे, शारजाच्या पलीकडे अजमानला, जेवायला गेलो होतो, मी आणि माझी लेक. नवरा सौदीत साइटवर असतो, दोन-तीन महिन्यांनी येतो, त्यामुळे नात्यागोत्याची सगळी उठबस माझ्या गळ्यात. परत येताना एका राउंडअबाउटवर उजवीकडून एक पिकअप न थांबता घुसली आणि लेक बसली होती त्या दारावर आदळली. काच फुटून तिच्या मांडीवर सांडली. तिला खरचटलंसुद्धा नाही. मला तर काहीच झालं नाही. पोलीस आले, कागद झाले, दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडून मी भाड्याच्या गाडीनं ऑफिसला गेले आणि एका कुटुंबाला डोक्याला हात लावू नका म्हणून सांगितलं.

पण लेक गप्प झाली. माझी ही पोरगी म्हणजे अखंड चालणारा रेडिओ. शाळेतून येऊन बूट काढायच्या आत तिचं सुरू व्हायचं, सगळं इंग्रजीत. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता ती बूट काढून सरळ खोलीत जायची. जेवण अर्धं टाकायची. गाडीत माझ्या शेजारी न बसता मागे बसायची, दोन्ही हात पोटाशी घेऊन. बारावीचं वर्ष, आणि शाळेतून निरोप यायला लागले की मुलगी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते. काय झालंय विचारलं की “नथिंग, मम्मा. आय अ‍ॅम फाइन.” एकदा मात्र म्हणाली, “यू डोन्ट लिसन एनीवे.” मला त्याचा राग आला. दिवसभर राबायचं, वर हे ऐकून घ्यायचं. मी भांडी आपटली आणि विषय संपला.

डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल. समुपदेशकाकडे नंबर लावला तर दीड महिन्यानंतरची वेळ मिळाली. दीड महिना आपल्या पोरीला असं विझत जाताना बघायचं? मी घाबरले होते. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “होईल गं ठीक, वय आहे.” सौदीतून सगळंच ठीक दिसतं.

शेवटी आपल्याला जे येतं ते मी केलं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन लेकीवरून ओवाळल्या आणि गॅसवर तवा तापवून त्यात टाकल्या. दृष्ट लागली असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. इथे डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असा ठसका उठला की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला, मग मजल्यावरचा, मग अख्ख्या बिल्डिंगचा. माणसं पासपोर्टाच्या पिशव्या आणि पोरं घेऊन जिन्यानं खाली पळाली. वॉचमन धापा टाकत दारात आला. “मॅडम, क्या जल गया?” मी खोकत म्हटलं, “मिर्ची.” त्यानं माझ्याकडे, मग हातातल्या तव्याकडे बघितलं. लेक सोफ्यावर बसून होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते मिरच्यांचं. एरवी या प्रकारावर ती आठवडाभर हसली असती. ती नुसती उठून खोलीत गेली.

एवढा ठसका म्हणजे दृष्ट नव्हतीच. हे मी दुसऱ्या दिवशी पीला सांगितलं, विनोद म्हणूनच. ती हसली नाही. आम्ही दोघी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत बोलतो. तिनं विचारलं, “ॲक्सिडेंट के बाद उधर वापस गये?”

“कशाला जाऊ? मी तर ती बाजूच सोडून दिलीय. शारजापर्यंतसुद्धा जात नाही.”

मग तिनं मला ख्वन सांगितला. तो शब्द मला माहीत होता, माझ्या भाषणात एक वाक्य होतं त्याच्यावर. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वन असतात, प्रत्येक अवयवाचा एक. आपण जीव म्हणू त्याच्या जवळपासचं काहीतरी. माणूस दचकला, धसका घेतला, की एखादा ख्वन अंगातून निसटतो आणि जिथे दचकला तिथेच घुटमळत राहतो. मग माणूस जेवतो, चालतो, कामाला जातो, पण पुरता घरी येत नाही. तिच्या गावात अपघाताच्या जागी मासे पकडायची टोपली घेऊन जातात, हाका मारतात, आणि ख्वन टोपलीत उचलून घरी आणतात. मग मनगटाला पांढरा दोरा बांधतात, पुन्हा निसटू नये म्हणून.

“तू मिरच्या जाळून काय केलंस? काढलंस,” ती म्हणाली. “बाहेरचं काढलंस. आतलं कुणी बोलावलं?”

मला चीड आली. ज्या गोष्टी मी रोज लोकांना हसत हसत सांगते त्या आता माझ्या घरात शिरायला बघत होत्या. मी म्हटलं, “पी, मी हे सगळं रोज विकते. मला नको विकूस.” ती फळीवरची बाटली बदलायला उठली. पण काढायचं आणि बोलवायचं हे मात्र डोक्यातून जाईना. आपल्याकडे उतरवून टाकायचे उपाय पैशाला पासरी. निघून गेलेल्याला परत ये म्हणायचा आपल्याकडे काय उपाय आहे, मला आठवेना. दोन दिवसांनी मीच तिच्या टेबलापाशी गेले आणि रविवारी सकाळी मोकळी आहेस का विचारलं.

लेकीला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती ‘सो क्रिंज’ म्हणून दार लावून घेईल. ती म्हणाली, “ओके.” त्या ओकेनं मी अजूनच घाबरले.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघी निघालो. लेक मागे, पी माझ्या शेजारी. पीच्या मांडीवर एक पिशवी होती: उकडलेलं अंडं, चिकट भाताची पुरचुंडी, दोन केळी, पांढऱ्या दोऱ्याची गुंडी, लेकीचा अपघाताच्या दिवशीचा शर्ट. मासे पकडायची टोपली दुबईत कुठून आणणार? तिनं नूडल्स उकळताना वापरायची लांब दांड्याची जाळीची गाळणी आणली होती. मी गाडी चालवत होते आणि माझं लक्ष रस्त्यावर होतं असं मला वाटत होतं. राउंडअबाउट आल्यावर मी त्याला एक पूर्ण वळसा घातला, मग आणखी एक. तिसऱ्यांदा पीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “यल्ला, नोंग. रोको.”

कडेच्या टायरच्या दुकानासमोर गाडी लावली. दुकानदार नुकतंच शटर वर करत होता. दाढी पांढरी, अंगात पठाणी. फूटपाथवर तीन बायका उभ्या, एकीच्या हातात गाळणी आणि त्यात शर्ट. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, “बाजी, कुछ गिर गया क्या?”

“हां,” मी म्हटलं. “गिर गया.”

“मिल जाएगा, इन्शाल्ला,” तो म्हणाला आणि टायर बाहेर मांडायला लागला.

पीनं मला सांगितलं, हाक तू मार. ख्वनला घरची भाषा कळते, तिनं मारून उपयोग नाही. मी तोंड उघडलं आणि काही फुटेना. रोज अनोळखी लोकांसमोर तासभर बडबडणारी बाई मी. गाड्या वळसा घालून जात होत्या, एक-दोघांनी हॉर्न दिला. शेवटी लेक लहान असताना खाली खेळायला गेली की गॅलरीतून मारायचे तशीच हाक मारली. “ए बाळा, चल घरी. अंधार पडतोय. जेवायला चल.” भर सकाळी अंधार कुठला? पण तीच हाक माझ्या तोंडात होती. पी वाकून गाळणी फूटपाथच्या कडेनं फिरवत होती, डबक्यातून मासोळी उचलावी तशी हळूच, आणि तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होती. तिनं गाळणी उचलून शर्ट लेकीच्या खांद्यावर ठेवला, तिच्या तळहातावर अंडं दिलं आणि मनगटाला दोरा बांधला. तीन दिवस तरी ठेवायचा, कात्रीनं कापायचा नाही. लेक खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, आता लाजेनं रडणार. मी म्हटलं, “झालं हं, खलास. चला आता.” आणि गाडीची किल्ली काढली.

लेक हलली नाही. तिनं पीच्या हातातली गाळणी घेतली.

“कॅन आय डू इट फॉर मम्मा?” तिनं विचारलं. “शी वॉज इन द कार टू.”

गाडीत मीही होते. हे मला त्या दिवसापासून कुणी म्हटलं नव्हतं. पोलिसांनी लायसन्स विचारलं, नवऱ्यानं लेक कशी आहे विचारलं, डॉक्टरांनी इन्शुरन्सचं कार्ड विचारलं. मी स्वतःही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मला काय झालंय? मला काही झालेलं नाही.”

“मम्मा,” ती म्हणाली, आणि मग एकदम मराठीत, अडखळत, “तू घरी येतच नाहीस. तू बोलते, पण ते ऑफिससारखं बोलते. मी सांगते आणि तू ऐकत नाही. म्हणून मी सांगत नाही.”

पीनं माझ्या गळ्यातली ओढणी काढून गाळणीत घातली.

लेक वाकली. तिला मराठीतल्या हाका येत नाहीत, तिला कुणाला हाक मारायची वेळच आलेली नाही. तिनं माझ्याच शब्दांना धरलं. “मम्मा, चल घरी. अंधार पडतोय. जेवायला चल.” पुन्हा पुन्हा तेवढंच, त्या फूटपाथच्या कडेला गाळणी फिरवत, गाड्यांचे हॉर्न ऐकत. मी टायरच्या ढिगावर बसले आणि काच फुटली त्या दुपारी रडायचं राहिलं होतं ते सगळं रडले, तोंडावर हात न घेता, आवाज करून. किती थकले होते मी, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

लेकीनं ओढणी माझ्या खांद्यावर घातली. दोरा बांधताना तिच्या बोटांना गाठ जमेना, म्हणून तिनं दातांनी ओढली. दुकानदार पाण्याची बाटली घेऊन आला, माझ्या शेजारी ठेवली आणि मला विचारावं की नको अशा घोटाळ्यात लेकीकडे वळला.

“मिला क्या, बेटा?”

तिनं नाक पुसलं, माझं मनगट दोऱ्यासकट धरून ठेवलं आणि म्हणाली, “हां अंकल. दोनों मिल गये.”